टॅब्लेट घेण्याआधी वहीत काय लिहावे

चवथीच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या गणेशचतुर्थीच्या, महिनाभर आधी पणजी, म्हापसा आणि मडगावच्या दुकानांवर सवलतींचे फलक चढतात आणि त्याच सुमारास माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न येऊ लागतो : "सर, टॅब कुठला घेऊ?" मी फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवतो आणि गावच्या उत्सवी नाटकांना ऑर्गनची साथ करतो. त्यामुळे विचारणारे तीन प्रकारचे असतात : विद्यार्थ्यांचे पालक, नाटकमंडळी आणि छापील बारीक अक्षर आता नकोसे झालेले निवृत्त शेजारी. बहुतेकांनी दोन-तीन नावे आधीच हेरलेली असतात आणि त्यांतल्या एकावर मी बोट ठेवावे एवढीच त्यांची अपेक्षा असते. मी बोट ठेवत नाही; एक वही काढायला सांगतो.

वहीत यंत्राबद्दल काहीही लिहायचे नाही. तीन रकाने आखायचे. पहिल्यात टॅब्लेटवर होणारी पाच कामे, दुसऱ्यात ती कामे आज कशावर होतात ते, आणि तिसऱ्यात त्या कामांची कागदपत्रे, छायाचित्रे, टिपणे आणि पैसे भरून घेतलेली ॲप्स आज कोठे साठलेली आहेत ते. तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि पुढे दोन वर्षांनी तक्रार येते ती नेमकी त्याच रकान्यातून.

याचे कारण असे की टॅब्लेट एकटा घरी येत नाही. त्याच्याबरोबर त्याची कार्यप्रणाली, तिचे ॲपचे दुकान, तिची ऑनलाइन साठवण, तिला चालणारी पेने आणि कीबोर्ड असा सगळा गोतावळा येतो; या गोतावळ्यालाच हल्ली परिसंस्था म्हणतात. यंत्र चांगले असूनही गोतावळ्याअभावी ते कसे बुडते याचा धडा २०११ मध्येच मिळालेला आहे. एचपी कंपनीचा टचपॅड त्या वर्षी १ जुलैला अमेरिकेत विक्रीस आला आणि १८ ऑगस्टला कंपनीने तो गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्याची वेबओएस ही प्रणाली जाणकारांना आवडली होती, पण तिच्यासाठी ॲप्स लिहिणारे पुरेसे नव्हते. त्याच ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे सरकारी गाजावाजात आलेला स्वस्त 'आकाश' दुसऱ्या टोकाचा : प्रणाली अँड्रॉइड, म्हणजे गोतावळा भरपूर, पण पडदा बोटाने दाबावा लागणाऱ्या जुन्या जातीचा आणि स्मृती (रॅम) अवघी २५६ एमबी. दोन्ही बाजू तपासायच्या असतात, पण गोतावळ्याची बाजू दुकानात दिसत नाही. म्हणून ती घरी बसून तपासावी.

आज खरी निवड तीन घरांमध्ये आहे. ॲपलचे आयपॅड, ज्यांची प्रणाली २०१९ मध्ये आयफोनच्या प्रणालीपासून वेगळी काढून तिला आयपॅडओएस हे नाव दिले गेले. सॅमसंग, लेनोव्हो, शाओमी, वनप्लस अशा अनेक कंपन्यांचे अँड्रॉइड टॅब्लेट. आणि मायक्रोसॉफ्टच्या सरफेससारखे विंडोजचे टॅब्लेट. क्रोमबुक हे टॅब्लेटपेक्षा लॅपटॉपच्या जवळचे असल्यामुळे त्याचा विचार येथे करत नाही.

घरात फोन कोणते आहेत, हा पहिला प्रश्न. मात्र त्याचे उत्तर लोक समजतात तितके सरळ नाही. घरात सगळे अँड्रॉइड फोन असतील तर अँड्रॉइडच टॅब्लेट घ्यावा असे दुकानदार सांगतो, आणि ते चुकीचेही नाही. पण ही वाट एकेरी आहे हे तो सांगत नाही. गूगलचे सामान, म्हणजे जीमेल, ड्राइव्ह, फोटोज, कीप, हे सगळे आयपॅडवर त्यांच्या स्वतंत्र ॲप्ससह चालते. उलट बाजूने ॲपलच्या नोट्स किंवा आयक्लाउडमधली छायाचित्रे अँड्रॉइडवर पाहायची तर ब्राउझर उघडून संकेतस्थळावर जावे लागते, आणि तसे रोज कोणी करत नाही. म्हणून अँड्रॉइड फोनवाल्या घरात आयपॅड आला तर गैरसोय थोडी होते. आयफोनवाल्या घरात अँड्रॉइड टॅब्लेट आला तर ती जास्त होते. त्यातच फुकट मिळणारी साठवण गूगलकडे १५ जीबी आणि ॲपलकडे ५ जीबी. म्हणून आयपॅड घेतला तरी छायाचित्रे आणि कागद गूगलकडेच राहू द्यावेत, असे मी अँड्रॉइड फोनवाल्यांना सांगतो. पुढे टॅब्लेटचे घर बदलावेसे वाटले तर सामान आधीच बाहेरच्या खोलीत असते.

विकत घेतलेल्या ॲप्सचे मात्र असे होत नाही. ॲप स्टोअरवर पैसे भरून घेतलेले ॲप प्ले स्टोअरवर पुन्हा पैसे भरूनच घ्यावे लागते. जिथे वर्गणी थेट सेवेकडे भरलेली असते, उदाहरणार्थ किंडलची पुस्तके किंवा वर्तमानपत्राची ई-आवृत्ती, तिथे हा प्रश्न येत नाही, कारण ते ॲप दोन्हीकडे असते आणि खाते एकच. तिसऱ्या रकान्यात हे दोन प्रकार वेगवेगळ्या शाईने लिहावेत.

आता घरातल्या माणसांकडे पाहू. आमच्याकडे एकत्र कुटुंबे अजून आहेत, आणि टॅब्लेट एक असला तर तो सकाळी बल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओसरीत) आजीच्या हाती ई-पेपरसाठी, दुपारी सुनेच्या हाती पाककृतीसाठी आणि रात्री नातवाच्या हाती अभ्यासासाठी असतो. अँड्रॉइडमध्ये एकाच टॅब्लेटवर प्रत्येकाचे वेगळे वापरकर्ता खाते करता येते : आजीचा पडदा वेगळा, तिच्या अक्षरांचा आकार वेगळा, नातवाचे खेळ तिला दिसतही नाहीत. काही कंपन्या ही सोय काढून टाकतात, म्हणून दुकानातच सेटिंग्ज उघडून ती पाहावी. आयपॅडवर ही सोय शाळा किंवा संस्थेने व्यवस्थापित केलेल्या यंत्रांपुरतीच आहे. घरचा आयपॅड एकाच माणसाचा असतो. मुलांच्या वेळेवर नियंत्रण दोन्हीकडे आहे, ॲपलचे स्क्रीन टाइम आणि गूगलचे फॅमिली लिंक, पण आजीच्या संदेशांत नातवाने डोकावू नये यावर स्क्रीन टाइम हा उपाय नव्हे. व्हॉट्सॲपचेही सांगून ठेवतो : आयपॅडसाठी त्याचे स्वतंत्र ॲप मे २०२५ मध्ये आले, तोवर लोक ब्राउझरवर भागवत होते. यूपीआयचे व्यवहार मात्र फोनवरच राहू द्यावेत. ती व्यवस्था यंत्रातल्या सिमशी बांधलेली असते आणि टॅब्लेटवर तिचा पाठपुरावा करण्यात अर्थ नाही.

मराठी वाचता-लिहिताना

याबद्दल तुलनेच्या तक्त्यांत कधीच काही नसते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दुकानात टॅब्लेट हाती आला की कॅमेरा उघडू नये. कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडावी आणि ही ओळ टंकून पाहावी : "वाऱ्यावर ऱ्हस्व-दीर्घ, दुःख, ज्ञानेश्वरी, ॲप, ऑर्गन, बाळ." ज्या कीबोर्डावर 'ऱ्या' सहज उमटत नाही, तिथे माणूस कंटाळून 'वार्यावर' लिहू लागतो आणि मग तीच सवय लागते. यात आणखी एक खोच आहे. 'वाऱ्यावर' हा शब्द संगणकाच्या पोटात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येतो, डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, पण एका प्रकाराने शोध घेतला तर दुसरा सापडतोच असे नाही. माझ्या टिपणांत दोन्ही प्रकारांची सरमिसळ झाली होती आणि एक संपूर्ण प्रकरण 'सापडत नाही' म्हणून मी दोन दिवस शोधत होतो. टॅब्लेट कोणताही घ्या, घरातल्या सगळ्या यंत्रांवर एकच कीबोर्ड वापरा. गूगलचा जीबोर्ड आयपॅड आणि अँड्रॉइड दोन्हींवर मिळतो. अँड्रॉइडवर त्यात बोटाने किंवा पेनाने देवनागरी गिरवून लिहिण्याचीही सोय आहे, जी टंकलेखन न शिकलेल्या वडीलधाऱ्यांना फार उपयोगी पडते. बोलून लिहिण्याची मराठी सोयही तिथेच तपासावी, पण दुकानाच्या गोंगाटात तिची परीक्षा घेऊन तिला नापास करू नये.

जुन्या फायलींचा प्रश्न याहून अवघड आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याकडची नाटके, आरत्यांची पुस्तके, मंडळांचे अहवाल हे श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोड (अक्षरे साठवण्याची सगळ्या यंत्रांना कळणारी सामाईक पद्धत) नसलेल्या टंकांत, म्हणजे फाँटमध्ये, टंकले गेले. त्या फायली टॅब्लेटवर उघडल्या की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची भेळ दिसते, कारण त्यांच्या पोटात मराठी नसतेच; मराठी असते ती फक्त त्या टंकाच्या चित्रांत. आयपॅड असो वा अँड्रॉइड, यावर टॅब्लेटवरच उपाय शोधत बसू नये. ज्या विंडोज संगणकावर तो टंक बसवलेला आहे तिथे फाइल उघडून आधी पीडीएफ करावी, कारण पीडीएफमध्ये टंक सोबत भरला जातो आणि पान जसेच्या तसे दिसते. पुढे मजकूर बदलायचा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घालावीत. 'र' आणि रफार यांची हमखास फसगत होते. हे सगळे जुना संगणक भंगारात देण्याआधी करावे लागते, नंतर नव्हे.

पडद्याचा आकार : प्रॉम्प्टरची गोष्ट

आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकात एका वर्षी प्रॉम्प्टरने वहीऐवजी टॅब्लेट आणला. ८.७ इंची, नवा कोरा. संहिता ए४ कागदावरच्या हस्तलिखिताची स्कॅन केलेली प्रत होती. तालमीत तो घरच्या खुर्चीत बसून वाचत असल्यामुळे सगळे सुरळीत झाले. प्रयोगाच्या रात्री विंगेत तो उभा, अक्षर बारीक, म्हणून प्रत्येक पान बोटांनी मोठे करायचे, मग उजवीकडे सरकवायचे, मग खाली. दुसऱ्या अंकात नायकाच्या लांब संवादाच्या वेळी पडद्याला हात लागला नाही म्हणून टॅब्लेट आपणहून झोपला आणि उघडताना त्याने पासवर्ड मागितला. नायक 'परंतु...' म्हणून थांबला, विंगेतून काहीच येईना, आणि मी ऑर्गनवर षड्ज धरून बसलो. प्रेक्षकांना ती आर्त शांतता वाटली असावी, टाळी पडली.

दुसऱ्या दिवशी मी फूटपट्टी घेऊन बसलो. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. ८.७ इंची लांबट टॅब्लेटचा पडदा उभा धरला तर सुमारे ११.३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ए४ पान तिथे ५४ टक्क्यांवर येते आणि १४ पॉइंटाचे अक्षर साडेसात पॉइंटाचे होते. अंधाऱ्या विंगेत ते कोण वाचणार? ११ इंची, १६:१० प्रमाणाच्या अँड्रॉइड टॅब्लेटवर तेच पान ७० टक्क्यांवर दिसते, साध्या ११ इंची आयपॅडचा पडदा थोडा चौकोनी असल्यामुळे ७५ टक्क्यांवर, सॅमसंगच्या १२.४ इंची टॅब्लेटवर ७९-८० टक्क्यांवर. आणि १३ इंची आयपॅडवर ८८ टक्क्यांवर. जाहिरातीतले इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेले असतात, त्यामुळे चित्रपट पाहणाऱ्यासाठी लांबट पडदा बरा, पण पोथी, संहिता, स्वरलिपी आणि स्कॅन केलेली पुस्तके वाचणाऱ्याने रुंदी पाहावी. दुकानात जाताना आपलीच एक पीडीएफ पेनड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये घेऊन जावी आणि ती हातभर अंतरावर धरून वाचावी. विक्रेता मध्येच रंग किती झळाळतात ते दाखवू लागला तर हसून मान डोलवावी.

तेरा इंची यंत्र परवडत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. ए५ कागद १४.८ सेंटिमीटर रुंद असतो, आणि ११ इंची १६:१० पडद्याची रुंदीही तेवढीच असते. संहिता नव्याने टंकली आणि पानाचा आकार ए४ ऐवजी ए५ ठेवला की पान पडद्यावर पूर्ण आकारात, एकही चिमटा न काढता दिसते. आयपॅडवर तर किंचित मोठेच. आमच्या मंडळाने पुढच्या वर्षी तेच केले. हस्तलिखिताचे टंकलेखन करायला दोन विद्यार्थ्यांना तीन आठवडे लागले, पण पन्नास हजारांचा टॅब्लेट वाचला. त्याबरोबर पडदा आपोआप बंद होण्याची वेळ वाढवावी किंवा ती सोयच बंद करावी, सूचनांचे आवाज थांबवावेत, आणि एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवण्याची सोय चालू करावी. आयपॅडवर तिला गाइडेड ॲक्सेस म्हणतात, अँड्रॉइडवर ॲप पिन करणे. भजनी मंडळांनाही हीच कृती लागू पडते.

पेन, आणि एकमेव ॲप

लिहिण्यासाठी टॅब्लेट हवा असेल तर पेनाची किंमत पहिल्यापासून धरावी. आयपॅडच्या खोक्यात पेन नसते. ए१६ चिपचा साधा आयपॅड मार्च २०२५ मध्ये १२८ जीबी साठवणीसह भारतात ३४,९०० रुपयांना आला आणि त्याला चालणारी यूएसबी-सी ॲपल पेन्सिल ७,९०० रुपयांची, बेरीज ४२,८००. त्याच सुमारास आलेला सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब एस१० एफई ४२,९९९ रुपयांना होता आणि एस पेन खोक्यातच होते. फलकावर आठ हजारांचा दिसणारा फरक वहीत दोनशेवर येतो. सणाच्या काळात या आकड्यांत बदल होतो, पण बेरीज करण्याची पद्धत तीच राहते. शिवाय त्या यूएसबी-सी पेन्सिलीला दाब कळत नाही, म्हणजे रेघ जाड-बारीक होत नाही. एस पेनला कळतो, आणि नुसते लिहिण्यासाठी त्याला चार्जिंग लागत नाही. आयपॅडच्या बाबतीत कोणती पेन्सिल कोणत्या यंत्राला चालते याचा घोळ मोठा आहे : दुसऱ्या पिढीची पेन्सिल किंवा पेन्सिल प्रो साध्या आयपॅडला चालत नाही. भावाची जुनी पेन्सिल घरात आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

माझी स्वतःची फसगत याच ठिकाणी झाली. शहरातल्या एका दुकानातून मी 'पेनासह' असा लिहिलेला स्वस्त टॅब्लेट आणला. पेन म्हणजे टोकाला रबर लावलेली कांडी निघाली. टॅब्लेटला ती आणि माझे बोट यांत फरक कळत नव्हता, त्यामुळे लिहिताना तळवा टेकला की वहीभर ओरखडे. दुकानाने परत घेतला नाही. जाहिरातीत पेन होते आणि पेन दिले, हा त्यांचा युक्तिवाद. तेव्हापासून मी सांगतो : दुकानात तळवा पूर्ण टेकवून पाच ओळी मराठी लिहा, शिरोरेघ शेवटी एका झटक्यात ओढा. रेघ हाताच्या मागे रेंगाळत असेल तर अकरावीचा विद्यार्थी आठवड्यात पुन्हा कागदाकडे वळेल.

कधी कधी मात्र सगळी वही बाजूला ठेवावी लागते, कारण निर्णय एकच ॲप करते. चित्रकलेकडे वळलेल्या मुलीला प्रोक्रिएट हवे असेल तर ते आयपॅडवरच चालते. एकदा पैसे भरले की मासिक वर्गणी नाही. संगीत ध्वनिमुद्रणासाठी गॅरेजबँड ॲपलचेच, आणि फुकट. अशा मुलांच्या पालकांना मी अँड्रॉइडची यादी दाखवत नाही. उलट ज्याच्या धंद्यात ई-निविदा भरणे, डिजिटल सहीचे टोकन लावणे किंवा टॅली चालवणे येते, त्याने आयपॅड आणि अँड्रॉइड दोन्हींचा नाद सोडून विंडोजचा टॅब्लेट किंवा हलका लॅपटॉप पाहावा. जुने मराठी टंकही तिथेच बिनतक्रार चालतात. विंडोज टॅब्लेट हातात धरून वाचायला जड आणि बोटाने चालवायला अवघडलेला असतो, पण ते काम दुसरे कोणी करत नाही. जुना विंडोज १० चा टॅब्लेट कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या आवृत्तीचा नियमित आधार संपला आहे हे लक्षात ठेवावे.

किती वर्षे टिकेल

टॅब्लेट फोनसारखा दर तीन वर्षांनी बदलला जात नाही. म्हणून सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळतील हे लेखी पाहावे. ॲपल जाहिरातीत वर्षांचा आकडा सांगत नाही, पण २०१४ च्या आयपॅड एअर २ ला २०२१ ची आयपॅडओएस १५ मिळाली, हा पूर्वानुभव बोलका आहे. सॅमसंगने २०२४ च्या टॅब एस१० पासून वरच्या श्रेणीला सात वर्षांचे वचन दिले आहे. स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेटांत हा आकडा पुष्कळ खाली असतो. काहींत तो शोधूनही सापडत नाही, आणि न सापडणे हेच त्याचे उत्तर समजावे. स्मृती ४ जीबीची असेल तर ते यंत्र फक्त वाचनासाठी. साठवण १२८ जीबीपेक्षा कमी नको. अँड्रॉइडच्या अनेक टॅब्लेटांना मेमरी कार्ड लावता येते, आयपॅडला कधीच लावता आले नाही. स्वस्त अँड्रॉइडमध्ये आणखी एक छुपी उणीव असते : वाइडवाइन या चित्रफितींच्या नकलेला आळा घालणाऱ्या व्यवस्थेचा एल१ दर्जा नसेल तर पडदा कितीही चांगला असला तरी नेटफ्लिक्ससारख्या सेवा धूसर चित्रच देतात. विक्रेत्याला विचारावे, त्याला तो शब्द ठाऊक नसेल तर त्याच्यासमोर चालवून पाहावे.

सिमचा टॅब्लेट घ्यावा की केवळ वायफायचा? फोनचा हॉटस्पॉट असताना बहुतेकांना सिमचा खर्च अनावश्यक आहे. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागात जिथे फोनलाच रेंज नाही, तिथे टॅब्लेटच्या सिमला ती कोठून मिळणार? अपवाद एक : केवळ वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते. गाडीत नकाशा लावणाऱ्याने किंवा शेत-बागायतीची मोजणी करणाऱ्याने सिमचा आयपॅड तरी घ्यावा किंवा जीपीएस असलेला अँड्रॉइड. २०२४ पासूनच्या आयपॅड प्रो आणि एअरमध्ये प्लास्टिकचे सिम बसतच नाही, केवळ ई-सिम चालते, हेही विचारून घ्यावे. पावसाळ्यात वीज गेली की राउटर जातो. म्हणून ज्या ॲपमधला अभ्यास किंवा पुस्तके उतरवून ठेवता येत नाहीत त्यावर वर्गणी भरू नये.

आपल्या हवेचाही हिशेब करावा लागतो. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते, त्या कपाटात टॅब्लेट ठेवू नये. सॅमसंगच्या टॅब एस९, एस१० मालिकांना आयपी६८ दर्जा आहे, म्हणजे पाण्यापासून बऱ्यापैकी संरक्षण. पण ती चाचणी गोड्या पाण्याची असते. समुद्रकिनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याला आणि वाळूला ती लागू नाही. चार्जिंगचे छिद्र पहिल्यांदा खराब होते. म्हणून दुरुस्ती केंद्र पणजी, म्हापसा किंवा मडगावात आहे की यंत्र पार्सल करून राज्याबाहेर जाते, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारावा.

आखातातून किंवा लंडनहून कोणी नातेवाईक टॅब्लेट आणणार असेल, जे आमच्याकडे दर दुसऱ्या घरात होते, तर हमी भारतात चालते का ते त्याच्याकडून बिलासह लेखी मागवावे. वापरलेला टॅब्लेट घेताना विकणाऱ्याने आपले खाते तुमच्या डोळ्यांसमोर काढून यंत्र पूर्ण कोरे केले पाहिजे; नाही तर आयपॅडचे ॲक्टिव्हेशन लॉक किंवा अँड्रॉइडची तशीच सोय त्या माणसाचाच पासवर्ड मागेल आणि तो माणूस तोवर परत विमानात बसलेला असेल.

घरी आणल्यावर परतीची मुदत संपण्याआधी तिसऱ्या रकान्यातली प्रत्येक गोष्ट एकदा नव्या यंत्रावर उघडावी, एक हस्तलिखित टिपण पीडीएफ करून जुन्या फोनवर पाठवून पाहावे, आणि एक फाइल मुद्दाम पुसून ती साठवणीतून परत मिळते का ते तपासावे. आमच्या प्रॉम्प्टरने शेवटी ११ इंची अँड्रॉइड घेतला. त्याचा फोन अँड्रॉइडचा होता आणि संहिता ए५ वर आली होती, एवढी दोनच कारणे त्याच्या वहीत होती. गेल्या जत्रेत त्याने तीन अंक एकदाही न अडखळता पार पाडले. छापील प्रत मात्र विंगेतल्या खुर्चीवर, त्याच्या बुडाखाली होती.